हान्स-पेटर बोहम: कोळशाच्या कडांचा रसायनशास्त्रज्ञ

प्रश्न नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "पीएच.डी.साठी नारळाच्या करवंटीपासून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन करून त्याच्या पृष्ठभागाचा अभ्यास, असा विषय मिळतोय. पहिल्याच महिन्यात 'बोहम टायट्रेशन' करायला सांगितलंय. हे बोहम कोण? आणि कोळशाच्या पृष्ठभागावर कुणाचं अख्खं करिअर उभं राहू शकतं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून आधी बोहम यांच्याबद्दल सांगते. (अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे असंख्य बारीक छिद्रं पाडलेला कोळसा; टायट्रेशन म्हणजे माहीत ताकदीचं द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्या द्रावणात काय किती आहे ते मोजणं.) मी 31 वर्षं विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातला बराच काळ कोळशाने हात काळे करण्यात गेला. बोहम यांना मी कधी भेटले नाही, पण त्यांचे शोधनिबंध इतक्या वेळा वाचलेत की माणूस घरचा वाटतो.

हान्स-पेटर बोहम. जर्मन उच्चार 'ब्यॉम'च्या जवळ जातो, पण आपल्या लॅबमध्ये सगळे बोहमच म्हणतात, मीही तेच लिहिते. जन्म 1928 साली पॅरिसमध्ये. डॉक्टरेट 1953 मध्ये डार्मश्टाट इथे, उलरिश होफमान यांच्या हाताखाली. पुढे गुरूंबरोबर हायडेलबर्गला गेले, आणि 1970 पासून 1994 मध्ये निवृत्त होईपर्यंत म्युनिकच्या विद्यापीठात असेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. 2022 मध्ये, वयाच्या 94व्या वर्षी गेले. तारखा एवढ्याच. कंपनी काढली नाही, नोबेल मिळालं नाही. तरी आज कार्बनवर काम करणारी जगातली क्वचितच एखादी लॅब असेल जिथे त्यांचं नाव आठवड्यातून एकदा तरी घेतलं जात नाही.

होफमान यांच्याबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत, कारण नजर तिथून आली. होफमान हे थरांचे माणूस. मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते ती तिचे थर एकमेकांपासून दूर सरकतात म्हणून, हे 1933 मध्ये मांडणाऱ्यांपैकी ते एक. मातीचे थर आणि ग्राफाइटचे थर, दोन्ही त्यांनी हाताळले. अशा माणसाकडे शिकलेला मुलगा कार्बनकडे पाहणार तेव्हा त्यालाही आधी थरच दिसणार.

आता मूळ प्रश्न काय होता ते पाहू. चिरोटा डोळ्यासमोर आणा. वरून पाहिलं तर गुळगुळीत, पण कडेला सगळे पदर उघडे. कार्बनचं तसंच आहे. षटकोनांच्या जाळीचे थर एकावर एक. ग्राफाइटमध्ये दोन थरांत 0.335 नॅनोमीटर अंतर. थराच्या मधल्या भागातला प्रत्येक अणू आपल्या तीन शेजाऱ्यांशी बांधलेला असतो, त्याला दुसऱ्या कुणाची फारशी गरज नसते. कडेच्या अणूचा मात्र एक शेजारी कमी असतो. तिथे हवेतला ऑक्सिजन, पाण्याची वाफ, जे मिळेल ते येऊन चिकटतं. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमध्ये हे थर अगदी छोटे, वाकडेतिकडे आणि विस्कटलेले असतात, त्यामुळे कडाच कडा. एका ग्रॅमचा पृष्ठभाग 1000 चौरस मीटर असणं ही रोजची गोष्ट आहे. कबड्डीचं पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं असतं; म्हणजे चिमूटभर काळ्या पुडीत साडेसात मैदानं. हे मोजायची रीत ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी 1938 मध्ये दिली. उणे 196 अंशांना नायट्रोजनचे रेणू पृष्ठभागावर बसू द्यायचे, किती बसले ते मोजायचं, आणि एका रेणूला 0.162 चौरस नॅनोमीटर जागा लागते हे धरून गुणाकार करायचा.

पण 1000 चौरस मीटर हे झालं क्षेत्रफळ. त्या जमिनीवर काय उगवलंय ते त्यातून कळत नाही. दोन कार्बनचं क्षेत्रफळ सारखं असूनही एक पाण्यातलं शिसं धरतो आणि दुसरा सोडून देतो. एक पाण्यात टाकला की पाणी आम्लधर्मी होतं, दुसऱ्याने अल्कधर्मी. हे बोहम यांच्या आधीही माहीत होतं. हवेत 200 ते 400 अंशांना तापवलेला कोळसा आम्लधर्मी होतो, आणि निष्क्रिय वायूत 800च्या वर तापवून थंड करून हवेत काढलेला अल्कधर्मी, हेही लोकांनी नोंदवलं होतं. का, याबद्दल मात्र प्रत्येकाचं मत वेगळं होतं.

बोहम यांनी केलं ते इतकं साधं आहे की पहिल्यांदा वाचताना मला विश्वास बसला नव्हता. त्यांनी धरून चाललं की कडेवर सेंद्रिय रसायनशास्त्रातलेच ओळखीचे, ऑक्सिजन असलेले अणूंचे गट असणार: कार्बॉक्झिल, लॅक्टोन, फिनॉल. हे तिन्ही आम्लधर्मी, पण जोर वेगवेगळा. मग वेगवेगळ्या ताकदीचे अल्क वापरायचे. सोडियम बायकार्बोनेट सगळ्यात सौम्य, ते फक्त कार्बॉक्झिलशी अभिक्रिया करतं. सोडियम कार्बोनेट कार्बॉक्झिल आणि लॅक्टोन दोन्ही घेतं. सोडियम हायड्रॉक्साइड तिन्ही घेतं. प्रत्येकात तोच कार्बन हलवत ठेवायचा, गाळायचा, उरलेला अल्क किती ते टायट्रेशनने पाहायचं आणि वजाबाकी करायची. समजा एका ग्रॅममागे बायकार्बोनेट 0.35 मिलिमोल खर्च झालं, कार्बोनेटने 0.62 मिलिमोल गट उदासीन केले, हायड्रॉक्साइड 1.10 मिलिमोल खर्च झालं. तर कार्बॉक्झिल 0.35, लॅक्टोन 0.27, फिनॉल 0.48. संपलं गणित.

नुसता हिशेब करून ते थांबले नाहीत, हे विसरू नका. डायॲझोमिथेनने मिथिलीकरण (म्हणजे आम्लगटाला मिथिल गट जोडणं) आणि अशा इतर अभिक्रिया वापरून तेच गट दुसऱ्या वाटेनेही पडताळले. 1964 मध्ये कार्बनवरच्या पृष्ठीय ऑक्साइडांवरचा (म्हणजे पृष्ठभागावर बसलेल्या ऑक्सिजनच्या गटांवरचा) लेख आणि 1966 मध्ये पृष्ठीय गटांच्या रासायनिक ओळखीवरचा तो प्रदीर्घ आढावा. दुसरा जमेल तिथून मिळवा आणि वाचा. त्यात कार्बनच नाही, सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गटही आहेत. फोटोकॅटॅलिसिसवाल्या, म्हणजे प्रकाशाने अभिक्रिया घडवणाऱ्या मंडळींनाही हा माणूस ठाऊक असतो तो त्यामुळे.

ही पद्धत जगभर पसरण्याचं एक कारण मी स्वतः अनुभवलंय. मी काम सुरू केलं तेव्हा आमच्या विभागात पृष्ठभाग मोजायचं यंत्र नव्हतं. नमुने दुसऱ्या शहरात पाठवायचे, नंबर लागायची वाट पाहायची, दीड-दोन महिन्यांनी एक कागद यायचा. पण ब्युरेट होती, शेकर होता, डेसिकेटर होता. बोहम टायट्रेशनला एवढंच लागतं. ज्या कॉलेजात बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल होतं तिथे ते होऊ शकतं. गरीब लॅबला पृष्ठभागाचा दरवाजा उघडून देणारी ही पद्धत आहे, म्हणून मला बोहम यांच्याबद्दल विशेष कृतज्ञता वाटते.

आणि म्हणूनच ती निष्काळजीपणे करणाऱ्यांचा मला त्रास होतो. त्यात एकेकाळी मीही होते. आमच्या पहिल्या मोठ्या कामात एकाच कार्बनचं कार्बॉक्झिल एका दिवशी 0.9 आणि आठवड्याने 0.5 आलं. आम्ही नमुना एकसारखा नसेल म्हणून सरासरी घेतली आणि निबंध पाठवून दिला. परीक्षकाने एकच ओळ लिहून तो परत पाठवला: विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कसा काढलात? आम्ही काढलाच नव्हता. उरलेला अल्क मोजायला त्यात आधी जास्तीचं आम्ल घालतात आणि मग उरलेलं आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजतात. बायकार्बोनेटमध्ये आम्ल घातलं की हा वायू तयार होतो, पाण्यात राहतो, आणि नंतर उरलेलं आम्ल मोजताना आम्लासारखाच सोडियम हायड्रॉक्साइड खातो. मग वाटतं आम्ल जास्त उरलं, म्हणजे अल्क कमी होता, म्हणजे कार्बनने जास्त खाल्ला. नसलेले गट कागदावर उगवतात. ज्या दिवशी आम्ल घातलेलं द्रावण रात्रभर टेबलावर राहिलं त्या दिवशी बराच वायू उडून गेला आणि आकडा खाली आला, इतकं साधं होतं. सात महिन्यांचं काम पुन्हा केलं. पुढे 2010 मध्ये कॅनडातल्या एका गटाने फक्त या पद्धतीच्या प्रमाणीकरणावर दोन भागांत निबंध लिहिले. माझ्या वेळी ते असते तर किती रात्री वाचल्या असत्या.

तुमच्या पहिल्या महिन्यासाठी मी आमच्या लॅबमधली रीत देते, ती त्या प्रमाणित रीतीवरूनच घेतलेली आहे. दीड ग्रॅम कोरडा कार्बन, 50 मिलिलिटर 0.05 मोलर अल्क, 24 तास शेकरवर. गाळा. त्यातला 10 मिलिलिटर भाग घ्या, बायकार्बोनेट आणि हायड्रॉक्साइडसाठी 20 मिलिलिटर, कार्बोनेटसाठी 30 मिलिलिटर 0.05 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. दोन तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडा. टायट्रेशन चालू असतानाही नायट्रोजन चालू राहू द्या. पाणी त्याच दिवशी उकळून गार केलेलं. आणि कार्बन न घालता तीच सगळी कृती केलेला ब्लँक, प्रत्येक अल्कासाठी वेगळा, प्रत्येक वेळी.

करवंटीचं म्हणून एक जास्तीचं काम आहे. करवंटीच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं. ती राख कार्बनमध्ये राहिली तर ती स्वतःच अल्कधर्मी असते आणि तुमचा हिशेब बिघडवते. म्हणून आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, मग पाण्याने, शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून गढूळ होत नाही असं दिसेपर्यंत. नायट्रिक आम्लाने ऑक्सिडीकरण केलं असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडमधून गाळलेलं द्रावण बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं येईल. ते कार्बनचे सुटलेले, आम्लगट लागलेले तुकडे असतात. ते पृष्ठभागाचे नव्हेत. आधी अल्काने धुऊन काढले नाहीत तर पृष्ठभागाच्या नावावर जमा होतील. ही चहाची गोष्ट मी प्रत्येक बॅचला डोळ्यांनी बघायला लावते, कारण वाचून ती मनात राहत नाही.

अजून एक. बरण्यांवर तारीख टाका. आमच्या कपाटात चार वर्षं पडलेल्या एका बरणीतला कार्बन एका मुलाने पुन्हा मोजला, आम्लधर्मी गट स्पष्ट वाढलेले होते. झाकण सैल होतं. कार्बन खोलीच्या तापमानालाही हवा आणि दमटपणा घेत हळूहळू बदलत राहतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

आता बोहम यांचं दुसरं मोठं काम, ज्यामुळे म्हातारपणी त्यांचं नाव वर्तमानपत्रांपर्यंत गेलं. ग्राफाइटचं जोरदार ऑक्सिडीकरण केलं की ग्राफाइट ऑक्साइड मिळतं; हे ब्रॉडी यांनी 1859 मध्येच केलं होतं. ते पातळ अल्कात फुगून सुटं होतं. होफमान आणि बोहम यांच्या गटाला अतिशय पातळ कार्बनवर शोषण कसं होतं ते पाहायचं होतं, म्हणून त्यांनी हे सुटे पापुद्रे रासायनिक रीतीने परत कार्बनमध्ये बदलले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. फोटोप्लेटवरच्या काळेपणावरून जाडीचा अंदाज घेतला. 1962 मध्ये त्यांनी लिहिलं की यातले सर्वांत पातळ पापुद्रे एकाच अणुथराचे असावेत.

2004 मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून तो थर वेगळा केला, त्याचे विद्युतगुण मोजले आणि 2010 मध्ये भौतिकीचं नोबेल मिळवलं. मग मुलं विचारतात, बोहम यांच्यावर अन्याय झाला का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. काळेपणावरून एक थर की दोन हे ठामपणे सांगणं कठीणच, आणि मँचेस्टरच्या गटाने एका थराचे जे गुण मोजून दाखवले ते हायडेलबर्गच्या रसायनशास्त्रज्ञांचं उद्दिष्टच नव्हतं. स्वतः गाइम यांनी बोहम यांच्या 1962च्या कामाला जाहीरपणे श्रेय दिलं. हे विज्ञानात जसं व्हायला हवं तसं झालं.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते नाव ठेवणं. 'ग्राफीन' हा शब्द बोहम, सेटन आणि श्टुम्प यांनी 1986 मध्ये सुचवला आणि 1994 मध्ये आयुपॅकच्या (रसायनशास्त्रातली नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) शिफारशींत तो नेमक्या व्याख्येसह आला: ग्राफाइटसारख्या रचनेतला एकच थर. ग्राफीनचा व्यवहार होण्याच्या 18 वर्षं आधी, नावात गोंधळ नको म्हणून काही लोक बसून शब्द घासत होते. तुमच्या कामाशी याचा थेट संबंध आहे. करवंटीपासून 'ग्राफीन' केल्याचे दावे तुम्हाला ढिगाने सापडतील. रामन वर्णपटात (नमुन्यावरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या आलेखात) 1350 आणि 1580च्या आसपास दोन शिखरं दिसली की काही जण ग्राफीन लिहून मोकळे होतात. ती दोन शिखरं लोणारी कोळशातही दिसतात, काजळीतही दिसतात.

इथे रोझालिंड फ्रँकलिन आठवतात. डीएनएच्या आधी त्यांनी लंडनला दगडी कोळशावर आणि मग पॅरिसला कार्बनवर काम केलं, आणि 1951 मध्ये दाखवलं की कार्बनची दोन घराणी आहेत: तापवल्यावर ग्राफाइट होणारी आणि 3000 अंशांपर्यंत नेलं तरी न होणारी. करवंटी दुसऱ्या घराण्यातली. तिचे थर आडवेतिडवे बांधले गेलेले असतात, ते सरळ होत नाहीत. ही उणीव समजू नका. याच घराण्याला आज हार्ड कार्बन म्हणतात आणि सोडियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रासाठी तोच लागतो, कारण नेहमीच्या ग्राफाइटच्या थरांत सोडियम नीट शिरत नाही. तुमच्या विषयाला पुढे ही एक वाट आहे, लक्षात ठेवा.

करिअरचं विचारलंत. पोटापाण्याचं आधी: नेट-जेआरएफ मिळाली तर सध्या महिना 37,000 रुपये, वर घरभाडे भत्ता, ती नसेल तर प्रकल्पावरची फेलोशिप, आणि ती अनिश्चित असते, हे घरच्यांना आधीच सांगा. प्राध्यापकाची कायम जागा मिळायला वर्षं लागतात. पण कार्बन शिकलेल्या माणसाला शिकवण्याखेरीज दारं बरीच आहेत: पाण्याचे फिल्टर, टायरमधली काजळी, साखरेचं आणि औषधांचं विरंजन, सोन्याच्या खाणी, बॅटऱ्या. माझे विद्यार्थी यातल्या चार ठिकाणी आहेत आणि दोघं अजूनही बोहम टायट्रेशनच करतात, पगार मात्र माझ्यापेक्षा जास्त घेतात.

अख्खं करिअर उभं राहतं का? बोहम यांचं पाहा. 1950च्या दशकात कडेवरचे गट. 1962 मध्ये एकेरी थर. मग सिलिका, टायटॅनिया. 1991 मध्ये श्टोर आणि सहकाऱ्यांबरोबरचं काम: अमोनियात तापवून कार्बनमध्ये नायट्रोजन घातला की तो ऑक्सिडीकरणाचा चांगला उत्प्रेरक होतो. इंधनघटांसाठी नायट्रोजनयुक्त कार्बनवर आज जी झुंबड आहे, तिच्या बरंच आधी. प्रत्येक वेळी प्रश्न तोच, कडेला काय बसलंय आणि ते काय करतं. विषय बदलण्याची त्यांना गरजच पडली नाही, कारण तो संपला नाही.

त्यांचा एक निबंध मी निवृत्त झाल्यावर पुन्हा काढून वाचला. 2002 सालचा, म्हणजे ते 74 वर्षांचे, निवृत्तीला आठ वर्षं झालेली. विषय: कार्बनवरचे पृष्ठीय ऑक्साइड आणि त्यांच्या विश्लेषणाचं चिकित्सक मूल्यमापन. ज्या पद्धतीला आपलं नाव लागलंय तिच्या मर्यादाही त्यात आहेत. जगातले हजारो लोक आपली पद्धत वापरत असताना तिच्या कमकुवत जागांवर स्वतः बोट ठेवायला बसलेला म्हातारा माणूस. माझ्याकडची प्रत पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली आहे, स्कॅन करून पाठवते.

तुमच्या गाइडना विचारून एक करा. पहिल्या महिन्यात करवंटीला हात लावू नका. बाजारात मिळणारा एखादा ठरावीक कार्बन घ्या आणि त्याच्यावर तिन्ही अल्कांचं टायट्रेशन पाच-पाच वेळा करा, वेगवेगळ्या दिवशी, ब्लँकसह. पाचही आकडे एकमेकांच्या 0.03 मिलिमोलच्या आत यायला लागले की मला कळवा, मग करवंटीबद्दल बोलू.